बिनतारी संदेशाचा शिल्पकार : गुलिएल्मो मार्कोनी

दूरचित्रवाणी संचाचा रिमोट हाती घेऊन आपण कळ दाबतो, तेव्हा त्याच्या टोकातून अवरक्त किरणांची, म्हणजेच इन्फ्रारेड प्रकाशाची, एक अदृश्य स्पंदनमाला बाहेर पडते व समोरील संच ती वाचतो. आपल्या खिशातील मोबाइल फोन, घरातील वाय-फाय, कानाला लावावयाचा ब्ल्यूटूथ, चर्चमधील बिनतारी ध्वनिक्षेपक ही सर्व साधने एकमेकांशी तारेवाचून बोलत असतात. रिमोटचा अवरक्त किरण आणि मोबाइलची रेडिओलहर वरवर भिन्न भासल्या तरी त्या एकाच कुळातील आहेत. दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच होत. भेद आहे तो केवळ लांबीचा. रिमोटच्या किरणाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही थोडी कमी असते, वाय-फायची लहर साधारणतः सहा ते बारा सेंटिमीटर, तर जुन्या काळातील नभोवाणीच्या लहरी शेकडो मीटर लांबीच्या असत.

या अदृश्य लहरींना मानवाच्या सेवेस जुंपण्याचे कार्य ज्या थोड्या व्यक्तींनी केले, त्यांत गुलिएल्मो मार्कोनी यांचे नाव अग्रभागी आहे. व्हॅटिकन रेडिओचे जनक म्हणून आम्हा कॅथोलिकांना त्यांचे नाव विशेष परिचयाचे आहे. तथापि त्यांचे जीवन म्हणजे केवळ यशोगाथा नव्हे. त्यात प्रकाश आहे, तशा सावल्याही आहेत. वाचकांपुढे आम्ही ह्या दोन्ही बाजू ठेवू इच्छितो. कारण मोठ्या माणसाचे अर्धेच चरित्र सांगणे हे सत्याला धरून होणार नाही.

बालपण आणि जिज्ञासा

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरी झाला. पिता जुझेप्पे हे सधन जमीनदार होते. माता ॲनी जेमसन ही आयर्लंडमधील प्रसिद्ध मद्य उत्पादक घराण्यातील कन्या. बाळाचा बाप्तिस्मा कॅथोलिक ख्रिस्तसभेत झाला; परंतु माता प्रॉटेस्टंट असल्यामुळे त्याच्यावरील धार्मिक संस्कार प्रामुख्याने अँग्लिकन परंपरेतील होते. मातेकडून त्याला इंग्रजी भाषाही मिळाली, आणि पुढे तीच त्याच्या भाग्योदयाची किल्ली ठरली.

गुलिएल्मोचे शालेय शिक्षण अखंड असे झाले नाही. फ्लॉरेन्स आणि लिव्होर्नो येथे काही काळ, व उरलेला काळ खासगी शिक्षकांकडे, असे ते होते. विद्यापीठाची पदवी त्याला कधीच मिळाली नाही. मात्र बोलोन्या विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ प्राध्यापक आउगुस्तो रीघी यांनी ह्या होतकरू तरुणाला आपल्या प्रयोगशाळेचे दार उघडे ठेवले.

त्या काळी विज्ञानजगतात नवे वारे वाहत होते. स्कॉटलंडचे जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६५ साली गणिताच्या आधारे असे प्रतिपादिले होते, की प्रकाश हा विद्युतचुंबकीय लहरींचाच एक प्रकार असून डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा इतरही लहरी असल्या पाहिजेत. १८८६ ते १८८८ या काळात जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ यांनी अशा लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखविल्या. १ जानेवारी १८९४ रोजी हर्ट्झ अवघ्या छत्तीसाव्या वर्षी निवर्तले. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत, आल्प्स पर्वताच्या सान्निध्यात असताना, वीस वर्षांच्या गुलिएल्मोच्या वाचनात हर्ट्झ यांच्या कार्यावरील लेख आला. ह्या लहरींच्या द्वारे तारेविना संदेश पाठविता येईल, ही कल्पना त्याच्या मनात तेव्हा जी रुजली, ती अखेरपर्यंत.

टेकडीपलीकडील बार

पोंतेक्कियो या गावी मार्कोनी कुटुंबाचे व्हिला ग्रिफोने नावाचे घर होते. तेथील माडीवर तरुणाने आपली प्रयोगशाळा थाटली. तिच्यातील उपकरणे ही बहुतांशी इतरांच्या संशोधनाची फळे होती, हे येथे नमूद केले पाहिजे. ठिणगी पाडणारे यंत्र हर्ट्झ आणि रीघी यांच्या धर्तीचे होते. लहरींची चाहूल घेणारी धातूच्या कणांची काचनळी ही पॅरिसच्या कॅथोलिक विद्यापीठातील प्राध्यापक एदुआर ब्रान्ली यांनी १८९० साली शोधलेल्या नळीची सुधारित आवृत्ती होती. इंग्लंडचे ऑलिव्हर लॉज यांनी १८९४ साली तिचा उपयोग करून प्रात्यक्षिकही दाखविले होते.

मग मार्कोनी यांचे स्वतःचे योगदान कोणते? इतरांनी ज्याकडे निसर्गाचे एक रहस्य म्हणून पाहिले, त्याकडे त्यांनी माणसामाणसांतील संदेशाचे साधन म्हणून पाहिले. प्रयोग करता करता त्यांच्या ध्यानात आले की, प्रक्षेपक यंत्राचे एक टोक उंच हवेत नेले आणि दुसरे जमिनीत पुरले तर लहरींचा पल्ला कितीतरी वाढतो. १८९५ च्या उन्हाळ्यात त्यांचा वडील बंधू आल्फोन्सो ग्राहक यंत्र घेऊन घरामागील टेकडीच्या पलीकडे गेला. तेथून घर दिसत नव्हते. संदेश पोहोचल्यास बंदुकीचा बार काढावा, असे ठरले होते. काही वेळाने टेकडीपलीकडून बार ऐकू आला. दोन किलोमीटरहून अधिक अंतर, मध्ये टेकडीचा अडसर, तरीही लहर पोहोचली होती.

लंडनचा मार्ग

फेब्रुवारी १८९६ मध्ये मातेसह हा तरुण लंडनला गेला. जेमसन कुटुंबाच्या नातेसंबंधांचा तेथे त्यास मोठा आधार झाला. २ जून १८९६ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज दाखल केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याची गुणवत्ता ओळखून त्याला पाठबळ दिले. मे १८९७ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावरून समुद्रातील फ्लॅट होम बेटापर्यंत, सुमारे सहा किलोमीटर पाण्यावरून, संदेश गेला. त्याच वर्षी जुलै महिन्यात कंपनीची स्थापना झाली. मार्च १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी संदेश सुरू झाला. एप्रिल १९०० मध्ये मार्कोनी यांनी आपले सुप्रसिद्ध ७७७७ क्रमांकाचे पेटंट मिळविले. अनेक केंद्रे एकाच वेळी बोलू लागली, तर संदेशांचा गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक जोडीने आपापल्या लहरीवर सूर जुळवावा, हे त्याचे तत्त्व. आज आपण रेडिओवर स्थानक लावतो त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

आता त्यांनी अटलांटिक महासागरावर नजर रोखली. पृथ्वी गोल असल्यामुळे सरळ रेषेत जाणारी लहर अवकाशात निघून जाईल, असे अनेक विद्वानांचे मत होते. मार्कोनी यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतात पोल्धू येथे प्रचंड केंद्र उभारले. सप्टेंबर १९०१ मध्ये वादळाने तेथील खांबांचे कडे उन्मळून पडले. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील केप कॉड येथील खांबांचीही थोड्याच अवधीत तीच गत झाली. तरीही ते खचले नाहीत. जॉर्ज केम्प आणि पर्सी पॅजेट या दोन सहकाऱ्यांसह ते न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे गेले. तेथील सिग्नल हिल या टेकडीवरून त्यांनी पतंगाच्या साहाय्याने तार आकाशात चढविली. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी कानाला लावलेल्या ग्राहकात त्यांना तीन ठिपक्यांचे, मोर्स लिपीतील 'एस' अक्षराचे, सूचक स्वर ऐकू आले. पोल्धू तेथून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतरावर होते.

त्या दिवशी खरोखर संदेशच ऐकू आला की वातावरणातील खरखर, याविषयी तज्ज्ञांनी पुढे शंका घेतल्या आहेत. कारण दुपारच्या वेळी तशा लांबीच्या लहरी दूरवर पोहोचणे अवघड असते. स्वतः मार्कोनी यांनाही केवळ कानाची साक्ष पुरेशी वाटली नाही. फेब्रुवारी १९०२ मध्ये फिलाडेल्फिया या जहाजावरून प्रवास करताना त्यांनी कागदाच्या पट्टीवर संदेश उमटवून घेतले. दिवसा पल्ला सुमारे अकराशे किलोमीटरच राहतो, तर रात्री तो तीन हजारांच्याही पुढे जातो, हे त्यातून स्पष्ट झाले. वातावरणाच्या वरच्या थरात विद्युतभारित कणांचे एक छत असून लहरी त्यावर आपटून पुन्हा पृथ्वीकडे वळतात, हे अनुमान त्याच वर्षी हेविसाइड आणि केनेली यांनी मांडले व पुढे १९२४ साली ॲपलटन यांनी ते सिद्ध केले. विद्वानांचे गणित चुकीचे नव्हते. त्यांना छत ठाऊक नव्हते इतकेच.

१९०७ च्या ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमधील क्लिफ्डन आणि कॅनडातील ग्लेस बे यांच्यात नियमित बिनतारी सेवा सुरू झाली. १९०९ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मार्कोनी आणि जर्मनीचे फर्डिनांड ब्राऊन यांना विभागून देण्यात आले.

श्रेय कोणाचे?

येथे आपल्या देशाच्या एका सुपुत्राचे स्मरण करणे अगत्याचे आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस हे कोलकाता येथील सेंट झेवियर्स कॉलेजचे विद्यार्थी. येशूसंघीय धर्मगुरू फादर यूजीन लाफों यांनी त्यांच्या मनात विज्ञानाची ओढ निर्माण केली. १८९५ च्या सुमारास बोस यांनी कोलकात्यात अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून, त्या भिंतींपलीकडे पोहोचवून दाखविल्या. १८९९ साली त्यांनी पारा व लोखंड यांचा उपयोग करणाऱ्या एका संवेदक उपकरणाचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. १९०१ साली सिग्नल हिलवर मार्कोनी यांनी पाऱ्याचे जे उपकरण वापरले ते त्यांना इटालियन नौदलाकडून मिळाले होते, आणि त्याचे मूळ बोस यांच्या संशोधनात असल्याचे प्रतिपादन अभ्यासकांनी केले आहे. बोस यांना पेटंट घेण्याची मुळीच आवड नव्हती. स्नेह्यांच्या आग्रहामुळे त्यांच्या नावे एक अमेरिकन पेटंट १९०४ साली नोंदले गेले, एवढेच.

रशियाचे पोपॉव्ह, इंग्लंडचे लॉज, अमेरिकेत स्थायिक झालेले टेस्ला यांचेही या क्षेत्रावर ऋण आहे. २१ जून १९४३ रोजी, म्हणजे मार्कोनी यांच्या निधनानंतर सहा वर्षांनी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सूर जुळविण्याविषयीच्या त्यांच्या अमेरिकन पेटंटमधील महत्त्वाचे दावे अवैध ठरविले. कारण लॉज, टेस्ला आणि स्टोन यांचे कार्य त्याआधीचे होते. आम्हास वाटते, यावरून मार्कोनी यांना चोर ठरविणे जितके अन्यायाचे, तितकेच त्यांना एकमेव जनक म्हणणे अन्यायाचे होय. पेरणारे अनेक असतात. कापणी करणाऱ्याने पेरणाऱ्यांची आठवण ठेवावी, एवढीच अपेक्षा.

समुद्रावरील हाक

बिनतारी संदेशाची खरी कसोटी समुद्रावर लागली. जानेवारी १९०९ मध्ये रिपब्लिक व फ्लोरिडा या जहाजांची धुक्यात टक्कर झाली. रिपब्लिकवरील बिनतारी चालक जॅक बिन्स याने मोडक्या खोलीत तासन् तास बसून मदतीची हाक चालू ठेवली व दोन्ही जहाजांवरील पंधराशेहून अधिक लोक वाचले. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडाले, तेव्हा जहाजावरील दोघे चालक, जॅक फिलिप्स आणि हॅरल्ड ब्राइड, हे मार्कोनी कंपनीचेच कर्मचारी होते. त्यांची हाक कार्पेथिया जहाजाने ऐकली व सुमारे सातशे जीव वाचले. फिलिप्स मात्र परतला नाही.

याच घटनेची दुसरी बाजू विचार करावयास लावणारी आहे. कार्पेथियाचा चालक झोपण्याच्या तयारीत होता. कानावरील यंत्र त्याने अद्याप उतरविले नव्हते म्हणून हाक त्याच्यापर्यंत पोहोचली. उलट, कॅलिफोर्नियन हे जहाज कार्पेथियाहून जवळ होते. परंतु त्याचा एकुलता एक चालक दिवसाचे काम आटोपून निजला होता. यंत्र होते, लहर पोहोचत होती, मात्र ऐकणारे कोणी नव्हते. म्हणूनच १९१४ सालच्या आंतरराष्ट्रीय करारात मोठ्या प्रवासी जहाजांवर बिनतारी यंत्रापाशी अहोरात्र जागता पहारा असावा असे ठरले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रारंभीच्या काळात मार्कोनी कंपनीने आपल्या चालकांना असा दंडक घालून दिला होता, की संकटाचा प्रसंग वगळता अन्य कंपन्यांची यंत्रे असलेल्या जहाजांशी संदेशांची देवाणघेवाण करू नये. व्यापाराच्या दृष्टीने हे सोयीचे असेल. पण समुद्रावरील माणसाच्या दृष्टीने ते घातक होते. यास्तव १९०३ साली बर्लिन येथे राष्ट्रांची परिषद भरली, आणि १९०६ सालच्या करारान्वये यंत्र कोणत्याही बनावटीचे असो, किनाऱ्यावरील केंद्रांनी व जहाजांनी परस्परांचे संदेश स्वीकारलेच पाहिजेत, असे तत्त्व मान्य झाले. आज एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या फोनशी निर्वेधपणे बोलतो, हे आपण गृहीत धरतो. परंतु ते आपोआप घडलेले नाही. माणसांनी एकत्र बसून, आपापला स्वार्थ थोडा बाजूला सारून, तसे ठरविले म्हणून ते घडले.

लांबकडून आखूडकडे

२५ सप्टेंबर १९१२ रोजी इटलीत झालेल्या मोटार अपघातात मार्कोनी यांचा उजवा डोळा कायमचा गेला. तरीही त्यांचे काम थांबले नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, त्यांनी आपले सहकारी चार्ल्स फ्रँकलिन यांच्यासह पुन्हा आखूड लहरींचे प्रयोग आरंभिले. तोवर जगभर हजारो मीटर लांबीच्या लहरी आणि अवाढव्य केंद्रे यांचाच बोलबाला होता, आणि त्या वाटेवर जगाला नेणारे स्वतः मार्कोनीच होते. ही दिशा चुकली याची जबाबदारी त्यांनी पुढे जाहीरपणे आपल्या शिरावर घेतली.

१९१९ साली त्यांनी एलेत्रा नावाची नौका विकत घेतली. ही नौका म्हणजे त्यांचे घर आणि प्रयोगशाळा दोन्ही होती. १९२३ साली तिच्यावरून प्रवास करताना, पोल्धूहून निघालेल्या आखूड लहरी थोड्याशा शक्तीनिशी हजारो किलोमीटर जातात, असे दिसून आले. शिवाय कंदिलामागील आरशाने प्रकाशाचा झोत करावा तसा ह्या लहरींचाही झोत करता येतो. यातूनच ब्रिटिश साम्राज्याची झोत-सेवा उभी राहिली. १९२६ साली कॅनडा, १९२७ साली ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका, व त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भारत, असा तिचा क्रम होता. भारतातील केंद्रे आपल्याच महाराष्ट्रात होती, हे अनेकांना ठाऊक नसेल. पुण्याजवळील खडकी येथून संदेश पाठविले जात आणि दौंड येथे ते ग्रहण केले जात.

२६ मार्च १९३० रोजी जेनोवाच्या बंदरातील एलेत्रा नौकेवरून मार्कोनी यांनी एक कळ दाबली आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या टाउन हॉलमधील दिवे उजळले. दुरून कळ दाबून दुसऱ्या यंत्राकडून काम करवून घेणे हे आज आपल्या घरातील लेकरांनाही सहज जमते. पण त्या दिवशी जगाने आश्चर्याने तोंडात बोट घातले.

व्हॅटिकनचा आवाज

११ फेब्रुवारी १९२९ रोजी लॅटरन कराराने व्हॅटिकन नगरराज्य अस्तित्वात आले. पोप पायस अकरावे यांनी ह्या चिमुकल्या राज्यासाठी नभोवाणी केंद्र उभारण्याचे काम मार्कोनी यांच्यावर सोपविले. व्हॅटिकनच्या उद्यानात दहा किलोवॅट शक्तीचे आखूड लहरींचे केंद्र उभे राहिले. येशूसंघीय भौतिकशास्त्रज्ञ फादर जुझेप्पे जानफ्रान्चेस्की हे त्याचे पहिले संचालक झाले. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, पोप महोदयांच्या राज्यारोहणाच्या नवव्या वर्धापनदिनी, मार्कोनी यांनी प्रास्ताविक केले आणि नंतर पोप महोदयांनी लॅटिन भाषेतून सर्व सृष्टीला, सर्व राष्ट्रांना, श्रीमंतांना आणि गरिबांना, कामगारांना आणि मालकांना, दुःखितांना आणि पीडितांना उद्देशून संदेश दिला. पेत्राच्या वारसाचा प्रत्यक्ष आवाज एकाच क्षणी पृथ्वीच्या अनेक खंडांत ऐकू जाण्याची इतिहासातील ती पहिलीच वेळ होती.

मार्कोनी तेवढ्यावर थांबले नाहीत. आता ते एक मीटरहूनही आखूड अशा सूक्ष्मलहरींकडे वळले होते. त्या काळी अशा लहरी व्यवहारात निरुपयोगी मानल्या जात. लिगुरियाच्या किनाऱ्यावर प्रयोग करून झाल्यावर फेब्रुवारी १९३३ मध्ये त्यांनी व्हॅटिकन आणि पोप महोदयांचे उन्हाळी निवासस्थान कास्तेल गांदोल्फो यांच्यात, सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, सूक्ष्मलहरींचा दूरध्वनी जोडून दिला. त्याची लहर साठ सेंटिमीटरच्या आतबाहेर होती. नित्य वापरासाठी उभारलेला अशा प्रकारचा हा जगातील पहिला दूरध्वनी दुवा मानला जातो. वाय-फाय आणि मोबाइल यांच्या लहरी याच घराण्यातील होत. १९३४ साली सेस्त्री लेव्हान्ते येथे, नौकेच्या खिडक्यांवर पडदे ओढून, केवळ सूक्ष्मलहरींच्या इशाऱ्यावर त्यांनी एलेत्रा दोन बोयांमधून अचूक बाहेर काढून दाखविली.

विज्ञानाच्या अंगाने पाहिले तर त्यांच्या आयुष्याची दिशा मोठी बोधप्रद आहे. तारुण्यात त्यांनी अंतर जिंकण्यासाठी लहर लांबविली. उतारवयात तीच लहर ते आखूड करीत प्रकाशाच्या दिशेने परतू लागले. त्यांच्या पश्चात इतरांनी तो प्रवास पुढे नेला व अवरक्त किरणालाही संदेशवाहक बनविले.

सावल्या

आता आपण ह्या जीवनातील दुखऱ्या बाजूकडे वळू. १९०५ साली मार्कोनी यांचा विवाह आयरिश सरदारकन्या बिअट्रिस ओब्रायन हिच्याशी झाला. त्यांना चार अपत्ये झाली. पैकी पहिले तान्हेपणीच दगावले. पित्याचे बहुतेक आयुष्य जहाजांवर आणि प्रयोगशाळेत गेले. साऱ्या जगाला जवळ आणणाऱ्या ह्या माणसाच्या घरातच दुरावा निर्माण झाला. १९२४ साली पतिपत्नी कायद्याने विभक्त झाली. १९२७ साली ख्रिस्तसभेच्या न्यायासनाने तो विवाह मुळातच वैध नव्हता असा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी मार्कोनी यांनी रोममधील कॅथोलिक घराण्यातील मारिया क्रिस्तीना बेत्सी-स्काली हिच्याशी विवाह केला. १९३० साली जन्मलेल्या कन्येचे नाव त्यांनी आपल्या नौकेवरून एलेत्रा ठेवले. थोरली कन्या देन्या हिने पुढे १९६२ साली पित्याचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले.

दुसरी सावली याहून गडद आहे. १९२३ साली मार्कोनी यांनी मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले. पुढे राष्ट्रीय संशोधन मंडळाचे अध्यक्षपद, १९२९ साली मार्क्विस ही पदवी, १९३० साली इटलीच्या रॉयल अकादमीचे अध्यक्षपद आणि त्याबरोबर फॅसिस्ट महामंडळातील स्थान, असे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९३५ साली इटलीने इथिओपियावर आक्रमण केले, तेव्हा परदेशांत जाऊन त्यांनी त्या आक्रमणाचे समर्थन केले. अकादमीच्या कागदपत्रांचा अभ्यास करणाऱ्यांना असेही आढळले आहे, की सदस्यत्वासाठी सुचविलेल्या ज्यू विद्वानांच्या नावांपुढे विशिष्ट अक्षराची खूण करण्यात आली होती, व त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात एकाही ज्यू व्यक्तीस तेथे प्रवेश मिळाला नाही. इटलीतील वंशभेदाचे कायदे १९३८ साली आले. ही खूण त्याआधीची आहे.

आम्ही या गोष्टी कोणाची निंदा करण्याच्या हेतूने सांगत नाही. ज्या माणसाने राष्ट्रांच्या सीमा न जाणणारी लहर जगाला दिली, त्याने आपल्या सहृदयतेला मात्र सीमा घालून घ्यावी, हे पाहून मन विषण्ण होते. बुद्धिमत्ता आणि विवेक ही दोन निराळी दाने आहेत. एक लाभले म्हणून दुसरे आपोआप लाभत नाही. त्यासाठी निराळी साधना करावी लागते.

अखेर

१९३६ साली पोप पायस अकरावे यांनी विज्ञानाच्या परमपीठीय अकादमीची पुनर्रचना केली, तेव्हा तिच्या पहिल्या सदस्यांत मार्कोनी यांचा समावेश होता. हृदयविकाराने मात्र त्यांना ग्रासले होते. २० जुलै १९३७ रोजी, कन्या एलेत्राच्या सातव्या वाढदिवशी, रोम येथे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ब्रिटनमधील बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे आपले प्रक्षेपण थांबवून त्यांना मानवंदना दिली. ज्याने आकाश संदेशांनी भरून टाकले, त्याला निरोप देताना आकाश क्षणभर निःशब्द झाले. त्यांचे पार्थिव पुढे व्हिला ग्रिफोने येथील समाधीत ठेवण्यात आले. त्या परिसरातील गावाचे नाव आज सास्सो मार्कोनी असे आहे.

त्यांनी उभारलेल्या केंद्राने मात्र पुढे मोठी सेवा केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० ते १९४६ दरम्यान, व्हॅटिकन रेडिओने युद्धकैदी आणि बेपत्ता व्यक्तींच्या शोधासाठी बारा लाखांहून अधिक संदेश प्रक्षेपित केले. कोण्या मातेला आपला पुत्र जिवंत असल्याचे कळले, कोण्या पत्नीला पतीचा ठावठिकाणा लागला. कालांतराने हिंदी, तमिळ आणि मल्याळम या आपल्या भाषांतूनही कार्यक्रम सुरू झाले. २०१२ साली युरोप व अमेरिका खंडांसाठीचे आखूड लहरींवरील बरेचसे प्रक्षेपण थांबवून केंद्राने इंटरनेटची वाट धरली. साधने बदलली, हाक तीच राहिली.

ह्या जीवनाकडे पाहताना आम्हास कॅलिफोर्नियन जहाजावरील तो निजलेला चालक राहून राहून आठवतो. त्याची चूक म्हणावी तर ती फारशी नव्हती. दिवसभर राबून तो थकला होता. तरीही हाक येत राहिली आणि ती ऐकणारे कोणी नव्हते. आज आपल्या प्रत्येकाच्या हाती मार्कोनी यांच्या काळातील कोणत्याही केंद्राहून समर्थ असे यंत्र आहे. ते दिवसरात्र जागे असते. घरातील वृद्ध माता, परगावी शिकावयास गेलेला पुत्र, आखातात नोकरीसाठी गेलेला बंधू, शेजारच्या आळीतील एकाकी आजारी गृहस्थ यांची हाक त्याच लहरींवरून आपल्यापर्यंत पोहोचत असते. लहर पोहोचविण्याचे काम विज्ञानाने केले आहे. कान देण्याचे काम अद्याप आपल्याकडेच आहे.